आठवड्यात मूल काय शिकले, ते घरालाही कळावे

जुलै २०२१

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इयत्ता दुसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात १ जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला असून, मागच्या इयत्तेतले जे शिकायचे राहून गेले ते १४ ऑगस्टपर्यंत भरून काढावे, असा त्याचा हेतू आहे. रोजच्या कृतिपत्रिका तयार आहेत, दर १५ दिवसांनी एक अशा तीन चाचण्याही ठरल्या आहेत. हेतूबद्दल तक्रार नाही. परंतु पहिली ते चौथीच्या मुलांच्या बाबतीत एक साधी गोष्ट कोविडमुळे शाळा बंद झाल्यापासून सुटत आली आहे आणि ती या उपक्रमातही सुटेल अशी चिन्हे आहेत. आठवडा संपला की आपल्या मुलाला नेमके काय येऊ लागले असायला हवे, हे त्याच्या घरच्यांना कोणी सांगत नाही.

मार्च २०२० पासून साहित्य कमी पडले, असे मुळीच म्हणता येणार नाही. सरकारचे शैक्षणिक साहित्याचे दीक्षा ॲप होते. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर टिलीमिली मालिका झाली आणि घरातल्या, अंगणातल्या वस्तू हाताळत मुलांनी पालकांसोबत शिकावे, ही तिची रचना माझ्या मते या काळात झालेल्या चांगल्या कामांपैकी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये व्हॉट्सॲपवरचा स्वाध्याय उपक्रम आला, ज्यात दर आठवड्याला भाषा आणि गणिताचे बहुपर्यायी प्रश्न मोबाइलवर येत आणि गुणही लगेच समजत. मात्र या सगळ्याचा हिशेब ठेवताना किती मुले जोडली गेली आणि किती जणांनी प्रश्न सोडवले एवढेच मोजले गेले. पाठवलेला अभ्यास आणि झालेला अभ्यास यांतले अंतर प्राथमिकच्या वर्गात फार मोठे असते, हे चार वर्षे जरी पहिली-दुसरीला शिकवले असेल तरी कोणालाही माहीत असते.

एक उदाहरण देते. दुसरी-तिसरीच्या मुलाला ५२ वजा २७ असे गणित घातले की बरीच मुले ३५ असे उत्तर लिहितात, कारण दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर ती सरळ सातातून दोन काढून मोकळी होतात. वर्गात शिक्षक पाटीवर चाललेला हात पाहतो, तिथेच थांबवतो, काड्यांचा एक गठ्ठा सोडायला लावतो आणि मुलाच्या लक्षात येते की दशक मोडून एकक करायचे आहेत. चार पर्यायांच्या प्रश्नात यातले काहीच दिसत नाही. उत्तर चुकले तर नुसते चुकले, आणि बरोबर आले तर ते मुलाने काढले की शेजारी बसलेल्या ताईने बोट ठेवून दाखवले, याचा पत्ता लागत नाही. वाचनाचे तर याहून अवघड आहे. जोडाक्षर आले की मूल अडखळते का, ओळीवर बोट ठेवून वाचते की धडा पाठ असल्यामुळे वाचल्यासारखे करते, हे ऐकल्याशिवाय कळणारच नाही. घरात एकच मोबाइल, तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर, आणि रात्री हाती आला तर रिचार्ज संपलेले, ही अडचण त्याखेरीज.

शहरांतल्या खासगी शाळांत साधने आहेत, तरी चित्र फार वेगळे नाही. माझ्या नातवाच्या शाळेकडून दर रविवारी आठवड्याचे नियोजन येते, आणि त्यात अमुक पानापासून तमुक पानापर्यंत, असे लिहिलेले असते. त्यावरून शाळा कुठवर पोहोचली ते समजते, मूल कुठवर आले ते समजत नाही.

माझी सूचना अगदी साधी आहे. कृतिपत्रिकांबरोबर दर आठवड्याला प्रत्येक इयत्तेसाठी चार-पाच ओळींची एक चिठ्ठी असावी आणि ती पालकांसाठी, बोलतो त्या मराठीत लिहिलेली असावी. ‘या आठवड्यात हातच्याची वजाबाकी. मुलाला पाच वजाबाक्या काड्या किंवा चिंचोके मांडून करून दाखवायला सांगा.’ ‘न पाहिलेला एक परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या आणि त्यात काय सांगितले आहे ते विचारा.’ तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक प्रत्येक जिल्ह्याचे वेगळे असते, तेव्हा ‘नकाशात आपला तालुका आणि शेजारचे दोन तालुके दाखवायला सांगा’ हे कोणत्याही आजोबांना विचारता येईल. पालकांनी शिकवावे अशी यात अपेक्षा नाही, फक्त विचारावे. स्वतःला लिहिता-वाचता न येणारी आईसुद्धा काड्या मोजू शकते आणि मूल अडखळते आहे का, हे ऐकू शकते.

ही चिठ्ठी मोबाइलवर अवलंबून असू नये. पोषण आहाराचा तांदूळ आणि कडधान्ये घ्यायला पालक शाळेत येतातच, तेव्हा पुढच्या काही आठवड्यांच्या चिठ्ठ्या हातात देता येतील. ग्रामपंचायतीच्या किंवा देवळाच्या भिंतीवरचा फळाही चालेल. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघर जिल्ह्यात जव्हारकडच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपक नेऊन शिकवले गेले. या प्रयोगांचे कौतुक पुष्कळ झाले, पण मुलांनी काय शिकायचे आहे हे तिथे वस्तीतल्या प्रत्येकाला दिसत होते, ऐकू येत होते, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

सर्वेक्षणाच्या आणि कोविडच्या इतर कामांत जुंपलेल्या शिक्षकांवर आणखी एक काम टाकू नये, हे मला मान्य आहे. म्हणूनच चिठ्ठीचा मजकूर राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार करून द्यावा. शिक्षकांनी फक्त आठवड्यातून एकदा, जमेल तितक्या मुलांना फोन करून चार ओळी वाचून घ्याव्यात, आणि केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या पातळीवर, मागायची झाल्यास माहिती त्याचीच मागावी.

याची निकड दुसरीच्या मुलांसाठी सर्वांत अधिक आहे. गेल्या वर्षी पहिलीत नाव घातलेली ही मुले एक दिवसही वर्गात न बसता, परीक्षेविना, एप्रिलमध्ये वरच्या वर्गात गेली, आणि आता त्यांच्यासाठी आलेला सेतू पहिलीची उजळणी म्हणून आला आहे. ज्याची उजळणी करायची ते मुळात झालेले नाही. यंदा पहिलीत आलेल्यांसाठी तर सेतूच नाही. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान जाहीर करताना तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे, असे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत ठेवले आहे. आजच्या दुसरीतल्या मुलांची तिसरी त्याच्या कितीतरी आधी संपणार आहे.

कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग १५ जुलैपासून सुरू करण्यास परवानगी मिळाली, पण प्राथमिक शाळा कधी उघडतील हे आज कोणी सांगू शकत नाही. सेतूची दुसरी चाचणी जुलैअखेर आहे. तिच्या आधीच्या शनिवारी पहिली चिठ्ठी घरोघरी पोहोचावी, अशी शिक्षण विभागाला आपल्या दैनिकाद्वारे विनंती करते.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा