ओकायामाहून आजीला

ओकायामा, जपान
२० जानेवारी २०२६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीला फोनवर तू विचारलंस, "अगं, तिकडं एवढा पैसा, एवढी शिस्त, मग त्या लोकांना पोरं का होत नाहीत?" आणि त्याच दमात वहिनीला ऐकू जाईल असं म्हणालीस, की एका मुलीवर थांबू नये. मागे कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी काहीच बोलली नाही. मीही बोलले नाही. फोनवर जमलं नसतं, म्हणून लिहिते. हे पत्र दादाकडून वाचून घे, वहिनीकडून नको.

मी काम करते तो वृद्धाश्रम पूर्वी प्राथमिक शाळा होता. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली. हात धुवायच्या नळांची लांब रांग अजून आहे, पहिलीतल्या मुलांच्या उंचीची. आता चाकाच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यांना तीच उंची बरोबर पडते. रोज सकाळी मी तिथं त्यांची तोंडं धुते.

माझ्या मजल्यावर चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक आजी आहेत. त्यांना सहा भावंडं. युद्ध संपून सैनिक घरी परतले, तेव्हा इथं घरोघरी पाळणे हलत होते. एकट्या १९४९ साली २७ लाख मुलं जन्मली. एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील याचा एक आकडा काढतात, त्याला जननदर म्हणतात. १९४७मध्ये तो ४.५४ होता आणि दहाच वर्षांत २.०४वर आला. देश बेचिराख झालेला, खायला अन्न नाही, त्यात १९४८च्या कायद्याने गर्भपाताची वाट मोकळी झाली. म्हणजे पहिली मोठी उतरण आजच्या शिकलेल्या मुलींनी आणलेली नाही, आजी. ती तुझ्याहून थोरल्या, भुकेच्या काळातल्या बायांनी आणली.

या आजींचं लग्न १९६५चं. मूल मात्र त्यांनी १९६७पर्यंत होऊ दिलं नाही. का, ते तुला चटकन कळेल. आपल्या संवत्सरांसारखं यांचंही साठ वर्षांचं चक्र असतं. त्यातलं एक वर्ष 'हिनोए-उमा', अग्नी आणि घोडा यांचं. त्या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते, नवऱ्याचं आयुष्य खाते, अशी समजूत. १९६६ हे ते वर्ष होतं. आधीच्या वर्षी १८ लाख २३ हजार जन्म, त्या वर्षी १३ लाख ६० हजार आणि पुढच्या वर्षी एकदम १९ लाख ३५ हजार! रत्ना आत्या मूळ नक्षत्रावरची म्हणून तिची किती स्थळं परत गेली, सासऱ्याला वाईट म्हणून, ते तूच सांगायचीस आणि सांगताना तुझे डोळे भरायचे. इथं तर मुलगी जन्मायच्या आधीच अख्खा देश तिला घाबरला. यंदा पुन्हा तेच वर्ष आलंय. माझ्या पाळीतली एक सहकारी गरोदर आहे, जूनमध्ये बाळंत होईल. तिच्या सासूने अजून एकदाही तो विषय काढलेला नाही. मला त्या सासूबद्दल फार आदर वाटला.

आजींचा धाकटा मुलगा १९७३चा. तेव्हा दुसरी लाट होती, त्या वर्षी जवळजवळ २१ लाख मुलं जन्मली. या मुलांची मुलं म्हणजे तिसरी लाट, ती २००० सालाच्या आसपास यायला हवी होती. आली नाही. हा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडला तेव्हा नोकऱ्या आटल्या होत्या. वर्षावर्षाच्या करारावर काम करत राहिला, लग्न राहूनच गेलं. दर रविवारी येतो, आईची नखं कापतो, निघताना मला वाकून नमस्कार करतो. पन्नाशीपर्यंत लग्नच न झालेले पुरुष इथं शंभरात अठ्ठावीस आहेत, बायका अठरा. लग्नाशिवाय मूल ही इथं फारच क्वचित होणारी गोष्ट, त्यामुळे लग्न थांबलं की पाळणाही थांबतो. ज्यांची लग्नं झाली आणि टिकली, त्यांना आजही सरासरी १.९ मुलं होतात. म्हणजे 'यांना मुलं नकोशी झालीत' हे म्हणणं खरं नाही.

सरकारला जाग आली ती १९९०मध्ये. आदल्या वर्षीचा जननदर १.५७ निघाला, म्हणजे त्या अग्नी-घोड्याच्या वर्षापेक्षाही खाली. त्यानंतर बालसंगोपनाची रजा आली, पाळणाघरं आली, पैसे आले. २००५मध्ये १.२६, मध्ये थोडी वाढ, आणि २०२४मध्ये १.१५. जन्म फक्त ६ लाख ८६ हजार. आता तर आई होण्याच्या वयाच्या मुलीच कमी उरल्यात, त्यामुळे दर थोडा वाढला तरी जन्म कमीच राहणार.

पुढचं दादाने सावकाश वाचावं. सहा वर्षांखालचं मूल असलेल्या जपानी घरांत, २०२१च्या पाहणीनुसार, घरकाम आणि मुलांचं मिळून बाई रोज ७ तास २८ मिनिटं राबते, पुरुष १ तास ५४ मिनिटं. रजा कायद्यात आहे, पण उशिरापर्यंत ऑफिसात बसणं ही इथं निष्ठेची खूण मानतात. मग मुलीच्या मनात येतं, लग्न केलं तर नोकरी माझीच जाणार.

याच ओकायामात, डोंगराकडे, नागी नावाचं गाव आहे. वस्ती सहा हजारांच्या आत. २०१९मध्ये तिथला जननदर २.९५ होता. गाव लहान, चार बाळंतपणं इकडची तिकडे झाली की आकडा हलतो, हे मला कळतं. तरी गेल्या सुट्टीत बसने जाऊन आले. शाळा संपेपर्यंत मुलांचं औषधपाणी गावातर्फे फुकट. आयांना जमेल तेवढ्या तासांचं काम मिळवून देणारी सोय आहे. गावातल्या बाया एकमेकींची मुलं सांभाळतात. आपल्या आळीत तू आणि शेजारच्या काकू जे करायचात, तेच.

आणि तुला वाटत असेल हे परक्यांचं दुखणं, तर आपल्या महाराष्ट्राचा दर २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ निघाला. जपान १९८६च्या सुमारास तिथंच होता. पणजीची नऊ, तुझे चौघे, आईची आम्ही दोघं, दादाची एक. ही उतरण आपल्याच ओसरीवर झाली. त्यात पणजीची चार मुलं हाताशी लागली नाहीत, हे तू विसरली नसशील.

वहिनी साडेपाचला उठते. डबे, छकुलीला पाळणाघरात सोडणं, दिवसभर पतसंस्थेचं काऊंटर, परत येऊन स्वयंपाक. दुसऱ्या बाळाचं तिला विचारण्याआधी दादाला एक विचारशील? संध्याकाळी सहा ते नऊ तो घरी असणार का, आणि असला तर त्याच्या हातात काय असणार? त्याचं उत्तर मला रविवारी फोनवर सांग. रात्रपाळीची वेळ झाली, निघते.

तुझी नात,
सुमा