जगलेली रोपे मोजायला लावणाऱ्या सहकाऱ्यांस जाहीर आभारपत्र

माननीय महोदया आणि आपले सर्व सहकारी,

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीने आमच्या बालकेंद्राशी केलेल्या तीन वर्षांच्या कराराची मुदत या महिन्यात संपत आहे. हिशेब, अहवाल आणि विनियोग प्रमाणपत्र आपल्याकडे रीतसर पोहोचले आहे. परंतु त्या कागदांत न मावणाऱ्या काही गोष्टींबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले होते. ते खासगी पत्रातूनही मानता आले असते. तरीही मी जाहीरपणे लिहीत आहे, कारण आपण केलेली मदत नेमकी कशी होती हे इतर संस्थांना आणि इतर कंपन्यांनाही कळावे, असे मला मनापासून वाटते.

पहिल्या भेटीत आम्ही आपल्याकडे केंद्रामागच्या मोकळ्या जागेसाठी फक्त रोपे मागितली होती. आपण आमचा अर्ज शांतपणे वाचलात आणि विचारलेत, ‘लावल्यानंतर यांना पाणी कोण घालणार?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. त्याआधी एका प्रायोजकाच्या मदतीने आम्ही त्याच जागेत वृक्षारोपण केले होते. त्या दिवशी मुले फलक धरून बराच वेळ उन्हात उभी राहिली, छायाचित्रे निघाली, पाहुणे गेले आणि दोन महिन्यांत जवळजवळ सगळी रोपे वाळली. ती माणसे पुन्हा कधी येणार, असे मुले बरेच दिवस विचारत होती. त्यामुळे आपला तो प्रश्न ऐकला तेव्हा मला आधी संकोच वाटला आणि मग फार मोठा धीर आला.

आपण एका दिवसाच्या कार्यक्रमाऐवजी तीन वर्षांचा करार केलात आणि निधीचा मोठा वाटा लागवडीऐवजी देखभालीसाठी ठेवलात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीने लागवड करायची, तर एका चौरस मीटरमध्ये स्थानिक जातींची साधारण 3 ते 4 रोपे लावतात आणि पहिली दोन-तीन वर्षे पाणी, तण आणि आच्छादन यांकडे नेमाने लक्ष द्यावे लागते. पुढे झाडांची सावली एकमेकांत मिसळली की तण आपोआप कमी होते. पहिली वर्षे अशी निर्णायक असूनही देणगीदाराला या काळात दाखवण्यासारखे फारसे काही नसते. पाण्याची टाकी, नळी, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि रोज दोन तास येणाऱ्या देखभाल करणाऱ्या ताईंचे मानधन हा खर्च कोणत्याही उद्घाटनात दिसत नाही. आपण तो विनातक्रार उचललात. संस्था चालवणाऱ्या कोणालाही विचारा, मानधनासाठी निधी मिळवणे ही सर्वांत अवघड गोष्ट असते.

आपली एक अट मात्र आम्हाला सुरुवातीला विचित्र वाटली होती. दर तीन महिन्यांनी किती रोपे लावली हे सांगू नका, किती जगली आणि किती गेली ते सांगा, असे आपण म्हणालात. हे काम आम्ही मुलांवर सोपवले. नऊ वर्षांच्या एका मुलीने वहीत रकाने आखले: रोपाचा क्रमांक, उंची, आणि शेवटी ‘का गेले’. उंची मोजायला तिने सुतळीला वीतवीत अंतरावर गाठी मारल्या होत्या. शेवटच्या रकान्यात तिने कुठे ‘पाय पडला’, कुठे ‘आळे फुटले’ आणि दोन-तीन ठिकाणी ‘कळले नाही’ असे लिहिले. पहिल्या वर्षी हा रकाना बराच भरला, आणि तो आपल्याकडे पाठवताना माझा हात अडखळला. पुढचा हप्ता थांबेल, अशी भीती होती. आपण मात्र ती पाने आपल्या वार्षिक अहवालात जशीच्या तशी छापलीत आणि आळी पुन्हा बांधण्यासाठी माणसे दिलीत. खरे सांगितले म्हणून मदत आटत नाही, हे त्या मुलांनी पाहिले. या तीन वर्षांत त्यांना मिळालेले सर्वांत मोलाचे शिक्षण माझ्या मते हेच आहे.

आणखी एका गोष्टीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे. आपल्या मालवाहू गाड्या केंद्राच्या भिंतीलगत इंजिन चालू ठेवून थांबत असत. आमच्या एका शिक्षिकेने हे भीतभीतच आपल्या कानावर घातले. मोठ्यांच्या तुलनेत मुले अधिक वेगाने श्वास घेतात, त्यांची फुप्फुसे वाढीला लागलेली असतात आणि त्यांचे नाक धुराच्या नळीच्या उंचीच्या अधिक जवळ असते. अशा धुरात पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाचे सूक्ष्म कण असतात; हे फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची वार्षिक सरासरीची मार्गदर्शक मर्यादा प्रति घनमीटर 10 वरून 5 मायक्रोग्रॅमवर आणली. ही माहिती आम्ही पाठवताच आपण गाड्यांच्या वेळा बदलल्यात, उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवण्याचा लेखी आदेश काढलात आणि थांब्याची जागा दूर नेलीत. युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा ग्लोबल कॉम्पॅक्ट हा उद्योगांसाठीचा उपक्रम आणि सेव्ह द चिल्ड्रेन ही संस्था यांनी 2012 मध्ये बालहक्क आणि व्यवसाय यांसंबंधी 10 तत्त्वे मांडली. उद्योगाने बालकांसाठी निधी द्यावा एवढ्यावर ती थांबत नाहीत; स्वतःच्या कामकाजातून त्यांच्या हक्कांना बाधा येऊ नये, याची जबाबदारीही ती उद्योगावरच टाकतात. या बदलासाठी आपल्याला स्वतःच्याच वाहतूक विभागाशी वाद घालावा लागला, हे मला पुढे कळले. दिलेल्या संपूर्ण निधीपेक्षा मला हे मोठे वाटते.

मुलांच्या छायाचित्रांबाबत आपण पाळलेला संयमही मी विसरू शकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या 16 व्या कलमाने मुलांनाही खासगीपणाचा हक्क दिला आहे, याची आठवण आम्ही करून देण्याआधीच आपण पालकांची आणि मुलांची स्वतंत्र संमती मागितलीत. नको म्हणणाऱ्या मुलांना कोणी कारण विचारले नाही. आपले स्वयंसेवक येण्यापूर्वी बालसुरक्षेचे प्रशिक्षण घेऊन आले आणि एकट्याने कोणत्याही मुलाबरोबर थांबले नाहीत.

त्याच संहितेचे 12 वे कलम मुलांचे म्हणणे ऐकून घ्या असे सांगते. या संहितेवर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2023 मध्ये पर्यावरणाविषयीचे 26 वे सर्वसाधारण भाष्य, म्हणजे संहितेचा अर्थ उलगडून सांगणारा दस्तऐवज, तयार करताना 121 देशांतील 16,000 हून अधिक मुलांची मते विचारात घेतली होती. आपल्या आराखड्यात बसायचे बाक प्रवेशद्वाराजवळ होते. तेथे आपल्या नावाचा फलकही शोभला असता. मुलांना ते पाण्याच्या नळाजवळ हवे होते, कारण लहान भावंडांना पाणी पाजताना टेकायला जागा लागते. आपण आराखडा बदललात आणि फलक लहान केलात.

पहिल्या वर्षीचा आपला अहवालाचा नमुना फारच लांबलचक होता, हेही मोकळेपणाने लिहिते. तो भरण्यात आमचे मुलांसोबतचे दिवस जात होते. आम्ही सांगितल्यावर आपण तो तीन पानांवर आणलात, त्याबद्दलही मनापासून आभार.

देखभाल करणाऱ्या ताईंचे मानधन पुढच्या वर्षापासून पालकांची समिती आणि केंद्र मिळून देणार आहे. ही तयारी आपण दुसऱ्या वर्षापासूनच आमच्याकडून करून घेतलीत, म्हणून आज करार संपताना आमच्या पोटात गोळा आलेला नाही.

सोबत मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानाची प्रत जोडत आहे. सुतळी आता अपुरी पडते, त्यामुळे उंचीच्या रकान्यात बहुतेक झाडांपुढे ‘हात पोहोचत नाही’ असे लिहिले आहे.

आपली नम्र,
समन्वयक, बालकेंद्र