सूचना : बी विंगमधील जळालेल्या फ्लॅटची साफसफाई, रविवारी सकाळी ८ वाजता

सर्व सभासदांनो,

विमा सर्व्हेअरची पाहणी झाली आहे, महापालिकेच्या अग्निशमन दलाचा दाखलाही मिळाला आहे. त्यामुळे आता सामान हलवायला हरकत नाही. प्रत्येक घरातून एक जण यावा. लहान मुलं व दम्याचा त्रास असणारे नकोत.

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, बंद बूट सक्तीचे. तोंडाला रुमाल बांधून चालणार नाही.

काजळी तेलकट असते. ओलं फडकं लावलं की ती प्लास्टरमध्ये मुरते, झाडूने घरभर उडते. म्हणून आधी कोरडा सूट-स्पंज (काजळी टिपणारा रबरी स्पंज). छतापासून खाली, एकाच दिशेने, न घासता. स्पंज काळा झाला की बाजू बदला. मगच धुणं : १० लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी भांड्यांचं लिक्विड. भिंत मात्र खालून वर धुवा, नाहीतर ओघळांचे डाग कायमचे बसतात.

• वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये. टीव्ही-फ्रिज 'चालतोय का बघूया' म्हणून लावू नये. जळालेल्या पीव्हीसीच्या धुरातलं आम्ल सर्किट खातं.
• उघडं धान्य, तेल, औषधं टाकून द्या. डबाबंद असली तरी उष्णता लागलेली नकोत.
• स्लॅबला तडा, पोकळ आवाज किंवा गुलाबी छटा दिसली तर हातोडा न लावता इंजिनिअरला दाखवा.

रंगाची घाई नको. डाग रोखणाऱ्या ऑइल प्रायमरशिवाय डिस्टेंपर मारला, तर कोल्हापूरच्या पावसाळ्यात पिवळे डाग आणि धुराचा वास पुन्हा वर येणारच.

राडारोडा पोत्यांत भरून गेटजवळ ठेवा, पार्किंगमध्ये नको.

– सचिव