चित्रकला शिबिरं पुरे, जिल्ह्याला एक आर्ट थेरपिस्ट द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब, सप्रेम नमस्कार. मी शाळेत चित्रकला शिकवते, आर्ट थेरपीचं, म्हणजे चित्र-माती यांच्या मदतीने मनावर उपचार करण्याचं, ट्रेनिंग घेतलंय, आणि दर शनिवारी दुपारी एका बालगृहात मुलांसोबत बसते. मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पत्र पूर्ण वाचायला वेळ नाही मिळाला तरी ती पोचेल. प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी निदान एक पूर्णवेळ, पगारी आर्ट थेरपिस्ट नेमा, डीईआयसीला (मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर लवकर उपचार करणाऱ्या जिल्हा केंद्राला) जोडून, आणि त्याने ठरलेल्या वारी बालगृहांत, आश्रमशाळांत जायचं.

आता का ते. आपल्याकडे पोरांच्या मनासाठी जे काही आहे ते जवळपास सगळं बोलण्यावर चालतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर २०२२ पासून आहे, चांगली सोय आहे, मोठ्या मुलांना मी तो पाठ करायला लावते, किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिकं आहेत, पण तिथे तोंड उघडावं लागतं ना. ज्या पोराने घरात नको ते पाहिलंय, किंवा आपल्याबरोबर जे झालं त्याला काय म्हणायचं हेच ज्याला माहीत नाही, ते समुपदेशक ताईंसमोर मान खाली घालून बसतं आणि फाइलवर शेरा पडतो, 'मूल प्रतिसाद देत नाही'.

एक मुलगा होता, ओळख पटू नये म्हणून गाव-वय सांगत नाही. शाडूचा गोळा दिला की माणसं करायचा आणि लगेच मुठीने चेचायचा, कित्येक शनिवार हेच. मी विचारलं नाही की हे कोण, छान झालंय असंही म्हटलं नाही, शेजारी बसायचे, माती कोरडी पडली की पाण्याची वाटी पुढे सरकवायचे. एकदा त्याने बैल केला, शिंगं चिकटवली, चेचायला हात उचलला आणि थांबला. "ताई, हा पुढच्या शनिवारपर्यंत राहील का?" ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच्या नावाच्या डब्यात ठेवला आम्ही. पुढच्या वेळी आल्या आल्या आधी डबा उघडला, बैल जागेवर होता, आणि मग तो बैल कोणाचा, त्याला पाण्यावर कोण न्यायचं, ते माणूस आता का नाही, हे सगळं माती मळता मळता तो सांगत गेला, माझ्याकडे न बघता.

साहेब, यात माझी काही जादू नाही. तीच खोली, तीच वेळ, तेच माणूस आणि त्याचा डबा कोणी उघडणार नाही ही खात्री, यावर ते उभं असतं. बाकी ट्रेनिंगचा भाग आहे, म्हणजे घाबरलेल्या पोराला आधी पेन्सिल-खडू द्यायचे कारण ते हाताच्या ताब्यात राहतात, पातळ वाहणारा रंग एकदम दिला तर त्याचं आवरलेलं सगळं एका दमात बाहेर येऊ शकतं आणि मग ते सांभाळता आलं पाहिजे. काळा रंग वापरला म्हणजे डिप्रेशन असले व्हॉट्सॲपवरचे निष्कर्ष तर अजिबात काढायचे नाहीत, चित्राचा अर्थ मुलाकडूनच यायला हवा. आणि लैंगिक अत्याचाराचं काही समोर आलं तर पॉक्सोप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, ते कसं करायचं आणि मुलाला त्याआधी काय सांगायचं हे माहीत नसलेल्या माणसाने यात पडूच नये.

म्हणूनच शिबिरांबद्दल एवढं तळमळून लिहितेय. कोल्हापूर-सांगलीला २०१९ ला आणि परत २०२१ ला महापूर आला, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. अशा प्रसंगानंतर चांगल्या मनाची माणसं रंगपेट्या घेऊन येतात, मुलांना 'तुम्ही काय पाहिलं ते काढा' म्हणतात, फोटो होतात आणि संध्याकाळी गाडी परत जाते. मुलाने जे उघडं केलं ते घेऊन रात्री ते एकटंच असतं. एका संस्थेत तर मुलांच्या खासगी फाइलीतली चित्रं पाहुणे येणार म्हणून बोर्डवर लावली होती, नावांसकट. त्यानंतर दोन मुलींनी कागदाला हात लावणं बंद केलं, एकीने आजपर्यंत लावलेला नाही.

हे काही नवीन फॅड नाहीये. दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या तेरेझिन छळछावणीत फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी मुलांचे वर्ग घेतले, चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावलं. १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत त्यांचा जीव गेला, पण त्या मुलांची साधारण साडेचार हजार चित्रं प्रागच्या ज्यू म्युझियममध्ये आहेत, आणि फ्रीडलबाईंचीच विद्यार्थिनी एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत मुलांच्या आर्ट थेरपीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाली. ब्रिटनमध्ये तर आज आर्ट सायकोथेरपिस्ट हे कायद्याने राखलेलं पदनाम आहे, मास्टर्स केलं, स्वतः थेरपी घेतली, सरकारमान्य रजिस्टरवर नाव चढलं तरच ते लावता येतं.

आणि आपला कायदाही आहे की! २०२१ च्या केंद्राच्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याच्या परिशिष्टात आर्ट थेरपिस्टचा उल्लेख आहे, राज्याने परिषद स्थापून नोंदणी करायची हेही त्यात लिहिलंय. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६ चं, सांगतं की १३ ते १७ वयाच्या मुलांत ७.३ टक्क्यांना मानसिक आजार आहे, म्हणजे साठ जणांच्या वर्गात चार. आरबीएसके या सरकारी बाल आरोग्य तपासणी योजनेची गाडी शाळेत येते, दात, डोळे, रक्त कमी हे बघते, मनाचं काही दिसलं तर ते मूल पाठवायचं कुठे?

मी शनिवार देते ते आनंदाने देते, पण माझी बदली झाली की तो डबा कोण सांभाळणार, आणि जिथे कोणी जातच नाही त्या तालुक्यांचं काय? पदाचं नाव, पात्रता, पगार, दर महिन्याचं सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टसोबत कामाचा आढावा) आणि मुलांची चित्रं कुलूपबंद ठेवायला एक कपाट, एवढं लिहून जीआर काढा. महिला व बालविकास खात्याशी बोलून दोन-तीन जिल्ह्यांत आधी सुरू केलंत तरी चालेल, पण कंत्राटी अकरा महिन्यांचं करू नका, मध्येच माणूस बदलला तर मुलांनी परत कोणावर विश्वास ठेवायचा?

उत्तराची वाट बघतेय.

आपली,
एक कलाशिक्षिका