भंगारात जाणारं चुंबक वाचवा: पर्यावरणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यावरणमंत्री, गोवा राज्य, यांस

सा. न. वि. वि.

डिचोलीत माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. पूर्वी पंप आणि मिक्सर यायचे, आता विजेवरच्या स्कूटरच्या हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेल्या मोटरी, येऊ लागल्यात. मोटर उघडली की आत कड्याला ओळीनं चिकटवलेल्या चपट्या पट्ट्या दिसतात. ते निओडिमियम या धातूचं चुंबक. दोन पट्ट्यांमध्ये बोट सापडलं तर नख काळंनिळं होतं. आपल्या खाऱ्या दमट हवेत वरचा निकेलचा मुलामा उडाला की आतला धातू गंजून भुगा होतो. मागे आमच्या पोरानं चिकटवण सोडवायला ब्लोअर लावला. साध्या प्रतीचं निओडिमियम चुंबक 80 अंशांपुढं ताकद गमावू लागतं. ते नंतर खिळाही धरीना.

या मिश्रधातूत वजनानं साधारण 30 टक्के निओडिमियम, 1 टक्का बोरॉन आणि बाकी बहुतेक लोखंड. लोखंडाचं आम्हां डिचोलीकरांना कौतुक नाही, डोंगर पोखरून झालेत. पण उष्णता सोसायला त्यात जे डिस्प्रोशियम आणि टर्बियम हे दुर्मिळ धातू घालतात, त्यांच्या निर्यातीवर चीननं एप्रिल 2025 मध्ये परवान्याची अट घातली आणि गाड्यांचे कारखाने अडले. त्याच वर्षी केंद्रानं चुंबकं देशात बनवायला 7,280 कोटींची योजना मंजूर केली, वर्षाला 6,000 टनांसाठी.

आणि आम्ही काय करतो? जळकी मोटर भंगारवाल्याला देतो. तो तांबं काढून घेतो, उरलेलं लोखंडाच्या भट्टीत जातं, तिथं निओडिमियम धातुमळीत मिसळून संपतं. ई-कचऱ्याच्या 2022 च्या नियमांत पुनर्वापराचं प्रमाणपत्र मिळतं ते सोनं, तांबं, लोखंड नि ॲल्युमिनियमवर. त्या यादीत निओडिमियम नव्हतं. खरं तर हायड्रोजन वायूत ठेवलं की जुनं चुंबक आपसूक भुरभुरतं, त्याच भुकटीतून नवं बनवता येतं.

2023 मध्ये गोव्यात जी-20 ची ऊर्जा बैठक भरली तेव्हा भाड्याच्या नव्या गाड्या विजेवरच्या करण्याची घोषणा झाली होती. त्या मोटरी उद्या माझ्याकडेच येणार. म्हणून मागणी एवढीच: प्रत्येक तालुक्यात मोटर आणि जुन्या हार्ड डिस्क (त्यांतही हेच चुंबक असतं) घेणारं एक केंद्र उघडा, किलोला दर ठरवा, आणि ही गोष्ट दिल्लीच्या कानावर घाला.

माझ्याकडे साठलेली चुंबकं आजही देतो. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवलीत. पत्र्याच्या डब्याचं झाकण निघेना.

आपला,
डिचोलीचा एक वायंडिंगवाला