जुन्या अकरावीचे कागद जपणाऱ्या ग्रंथपाल बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शाळेच्या स्मरणिकेतला 'मॅट्रिकच्या तुकड्या' हा विभाग छापून झाला. १९५५ पासून १९७५ पर्यंत अकरावी (तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असे) होऊन बाहेर पडलेली मुलं-मुली स्वभावाने कशी होती आणि पुढे काय करायचं म्हणत होती, एवढाच त्याचा विषय. तो लिहिता आला तुम्ही सांभाळलेल्या गठ्ठ्यांमुळे, आणि त्याहून जास्त, ते गठ्ठे वाचायची जी शिस्त तुम्ही घालून दिलीत तिच्यामुळे. आभार घरी येऊन मानणारच आहोत. पण सध्या बऱ्याच शाळा पंचाहत्तरीच्या, शंभरीच्या स्मरणिका काढताहेत. तुमची रीत त्यांनाही कळावी म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

आधी जनरल रजिस्टर. स्मरणिकावाले सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. 'वर्तणूक' या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'चांगली', आणि 'शाळा सोडण्याचे कारण' यात 'एस.एस.सी. उत्तीर्ण' नाहीतर 'पुढील शिक्षणासाठी'. पहिल्या ओळीत लिहायचं, खाली नुसत्या 'सदर'च्या खुणा ओढायच्या, ही क्लार्क मंडळींची सोय. त्यावरून 'या तुकडीतले बहुतेक जण कॉलेजात गेले' असं वाक्य ठोकून देणं सोपं असतं आणि ते साफ चुकीचं असतं. तुम्ही सांगितलंत, रजिस्टर फक्त तीन गोष्टींसाठी उघडा: रजिस्टर नंबर, वडिलांचं नाव आणि दाखला नेल्याची तारीख. नंबर मुलाला प्रवेशाच्या वेळी मिळतो आणि शेवटपर्यंत बदलत नाही, त्यामुळे एकाच वर्षातले तीन सुरेश पाटील वेगळे करता येतात. मुलींची नावं तिथे माहेरची, तर आज त्या ओळखल्या जातात सासरच्या नावाने. जोडणारा धागा पुन्हा तोच नंबर.

दाखल्याच्या तारखेचा उपयोग आमच्यापैकी कुणालाच सुचला नसता. जून-जुलैत दाखला नेलेला मुलगा बहुधा कॉलेजात किंवा डिप्लोमाला गेला. वर्ष-दोन वर्षांनी नेलेला बहुधा नोकरीला, आय.टी.आय.ला किंवा भरतीला, कारण तिथे कुणीतरी दाखला मागितला तेव्हा त्याला शाळेची आठवण झाली. कधीच न नेलेला एकतर शेतीत राहिला, नाहीतर परीक्षा राहिली. हा अंदाज, पुरावा नव्हे. म्हणून तुमच्या सांगण्याप्रमाणे तो समासात पेन्सिलीनेच लिहिला. जन्मतारखेवरून वय काढायचं मात्र सोडून दिलं. पानागणिक १ जूनला जन्मलेल्यांची रांग लागलेली. पहिलीत नाव घालताना मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख टाकली, ती जन्माला चिकटली.

खरा ऐवज शेलापागोट्यांच्या चिठ्ठ्यांचा. नव्या मुलांना फिशपाँड म्हटलं की लगेच कळतं. स्नेहसंमेलनाच्या आठवडाभर आधी व्हरांड्यात पेटी टांगायची, मुलांनी एकमेकांच्या थट्टेच्या बिननावाच्या चिठ्ठ्या टाकायच्या, एका शिक्षकाने चाळून अचकट-विचकट बाजूला काढायच्या, उरलेल्या स्टेजवरून वाचायच्या. कार्यक्रम संपला की चिठ्ठ्या केरात. तुमच्या हाती ग्रंथालय आल्यापासून त्या केरात गेल्या नाहीत, आणि लाल पेन्सिलीने फुली मारलेल्याही वेगळ्या पाकिटात राहिल्या.

चिठ्ठी कशी वाचायची याचे तुमचे नियम कडक. एका चिठ्ठीवर विश्वास नाही. निदान तीन वेगळ्या अक्षरांत तीच थट्टा आली तरच तो त्या मुलाचा स्वभाव, एरवी ती कुणा एकाची खुन्नस. मागची बाजू बघितल्याशिवाय चिठ्ठी खाली ठेवायची नाही. मागे कधी गणिताच्या वहीची पाठकोरी असते, कधी एस.टी.चं तिकीट, त्यावरून लिहिणारा कुठल्या तुकडीचा, गावातला की खेड्यावरून येणारा, ते समजतं. १९६६ च्या 'ब' तुकडीतल्या एकाला चार-पाच जणांनी 'छापखाना' म्हटलंय. नुसतं वाचलं तर बडबड्या वाटेल. पण त्याच वर्षीच्या शाळेच्या हस्तलिखित अंकाची सगळी शीर्षकं एका हाताची आहेत, बोरूने काढलेली, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना शेवटी तोच बारीक झोल. आणि कुणाच्या तरी ऑटोग्राफच्या वहीतल्या पोपटी पानावर त्याच झोलाचं 'क्ष' घेऊन त्याची सही आहे, खाली 'इंटरमिजिएट पास, आता ड्रॉइंग मास्तर' (इंटरमिजिएट म्हणजे चित्रकलेची सरकारी परीक्षा). तीन कागद एकत्र आले तेव्हा कळलं की छापखाना म्हणजे त्याचं अक्षर. स्मरणिकेत त्याचं नाव नाही, पण त्याची शीर्षकं जशीच्या तशी छापली आहेत.

मुलींबद्दलच्या चिठ्ठ्या कमी. सगळ्या शाळेसमोर वाचायच्या म्हणून शिक्षकच जास्त गाळायचे. नुसत्या चिठ्ठ्यांवर विसंबलं तर वर्गातल्या सगळ्या मुली 'शांत व अभ्यासू' होऊन बसतात. तुम्ही त्यांच्यासाठी दुसरे कागद काढून दिलेत: खो-खोच्या संघाची यादी, शिवणाच्या तासाची वही, आणि मुलींनी एकमेकींना दिलेली ऑटोग्राफची पानं. तिथे त्या भांडतात, नकला करतात, बाईंना टोपणनावं ठेवतात. पुढच्या बेतांच्या जागी डी.एड., नर्सिंग, टेलिफोन ऑपरेटर, टायपिंग असतं. बऱ्याच पानांवर मात्र तिने काहीच लिहिलेलं नसतं, मैत्रिणीनेच लाडू कधी म्हणून विचारलेलं असतं. ती कोरी जागा आम्ही कोरीच ठेवली. तिथे 'गृहिणी होण्याची इच्छा' असं भरणं म्हणजे तिच्या तोंडी शब्द घालणं झालं असतं.

'मी कोण होणार?' या निबंधांचा गठ्ठा सगळ्यात जाड आणि सगळ्यात निरुपयोगी निघाला. गाईडातून उतरवलेला; सगळे डॉक्टर, सैनिक किंवा आदर्श शिक्षक, आणि वाक्यंही तीच. शिक्षकांच्या ऑटोग्राफमध्ये तोच मुलगा देशसेवा लिहितो, मित्राच्या वहीत 'मुंबईला मामाकडे, गिरणीत बघू'. दोन्हीत फरक पडला तर मित्राची वही धरायची, हा तुमचा दंडक आम्ही पाळला.

आणि बेत वाचताना त्या वर्षी कुठली दारं उघडी होती ते आधी बघायचं. आपल्या सांगली-कराडच्या पट्ट्यात इंजिनीअरिंगसाठी सांगलीचं १९४७ चं कॉलेज आणि कराडचं १९६० चं. विनाअनुदानित खाजगी कॉलेजं राज्यात आली १९८३ पासून. म्हणून १९५८ चा मुलगा 'ओव्हरसिअर' लिहितो तेव्हा त्याची झेप लहान समजू नये. डिप्लोमा करून पाटबंधाऱ्यात किंवा कोयना प्रकल्पावर लागणं म्हणजे तेव्हा मोठीच मजल होती. मिरजेचं मेडिकल कॉलेज १९६२ चं. त्याआधी इथल्या मुलाला डॉक्टर व्हायचं तर पुणं-मुंबई गाठायची, आणि तेही इंटर सायन्सला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, टक्के पडले तर. 'साताऱ्याला कमवा-शिका' असं कुणी लिहिलं असेल तर घरून पैसे येणार नाहीत हे त्याने आधीच धरलंय असं समजावं. १९६२ च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तिकडे सरहद्दीवर चीनशी युद्ध. मार्च १९६३ ला बसलेल्या तुकडीच्या पानांवर एन.सी.सी.तली पोरं भरतीशिवाय बोलत नाहीत. १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शाखा तालुक्याला आल्या, तेव्हापासून 'बँकेत' हा शब्द दिसू लागतो. त्याच्या आधी ती जागा पोस्ट, रेल्वे आणि एस.टी. यांची होती.

१९७५ चा घोळ तुम्ही वेळीच दाखवलात नाहीतर आम्ही दोन पिढ्या एकत्र कालवल्या असत्या. त्या मार्चमध्ये जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या अभ्यासक्रमाची पहिली दहावी, दोन्ही एस.एस.सी.ला बसल्या. निरोप समारंभ एक, फोटोवर वर्ष एक, पण मुलं दोन वर्गांची. 'ज्युनिअर कॉलेज' असं लिहिणारा बहुधा दहावीचा, 'पी.डी.' म्हणजे प्री-डिग्री लिहिणारा अकरावीचा, इतकी सोपी खूण.

फोटोंचंही तसंच. खालच्या पुठ्ठ्यावर 'बसलेले, डावीकडून' अशी नावं असली तरी फोटो उलटा छापला गेला असला तर सगळी रांग चुकते. शर्टाचा खिसा बघायचा. तो माणसाच्या डाव्या छातीवर हवा. मुलींचा पदर डाव्या खांद्यावर. (एखादी गुजराती पदर घेणारी असली तर तिच्या एकटीवरून ठरवायचं नाही.) काही फोटोंची नावं या एका तपासणीने सरळ झाली.

कागद हाताळण्याबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते इथे सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुतेक वेळा उंदीर-वाळवीपेक्षा हौशी माणसांकडून होतं. पावसाळ्यात कपाट उघडायचं नाही. दमट हवेत पानं एकमेकांना चिकटतात आणि ओढून काढली की शाईसकट साल निघते. टाचण्या आधी काढायच्या, पण ओढून नाही: गंजलेली टाचणी दोन्ही बाजूंनी मोकळी करून मगच सरकवायची. फाटलं म्हणून सेलोटेप लावायची नाही. काही वर्षांत ती पिवळी पडते, डिंक पाझरतो आणि अक्षरावर कायमचा डाग बसतो. लॅमिनेशन तर नकोच. उष्णतेने बॉलपेनची शाई पसरते आणि एकदा केलं की परत काढता येत नाही. ऑटोग्राफच्या रंगीत पानांवर पाण्याचा हात लागला तर पानाचा रंग आणि रॉयल ब्लू शाई दोन्ही वाहतात. पान ओलं झालंच तर वर-खाली टीपकागद घालून, तो बदलत, पंख्याच्या थेट झोताबाहेर सुकवायचं. इस्त्री फिरवायची नाही. हस्तलिखितातली चित्रं खळीने चिकटवलेली असतात आणि खळीला कसर लागते. डांबरगोळ्या टाकायच्या तर पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात, कागदाला लागून नाही. पोस्टर कलरची चित्रं गुंडाळायची नाहीत, रंगाचे पोपडे उडतात. सपाट ठेवून वर पातळ कोरा कागद.

स्कॅनिंग लिखाणाचं ३०० डीपीआय, फोटो आणि बारीक चिठ्ठ्या ६००. चिठ्ठीच्या दोन्ही बाजू, कोरी असली तरी. पेन्सिलीचं पुसट अक्षर समोरच्या उजेडात दिसत नाही. बाजूने तिरपा उजेड टाकून मोबाइलवर फोटो काढला की दाब दिसतो. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग तुकडी, मग रजिस्टर नंबर, शेवटी पान. मुलाचं नाव फाइलला द्यायचं नाही, ते वेगळ्या यादीत. हा नियम सुरुवातीला जाचक वाटला होता.

तो जाचक का नव्हता हे फुली मारलेल्या पाकिटाने शिकवलं. त्यात जातीवरून ठेवलेली नावं आहेत, कुणाच्या तोतरेपणावर, कुणाच्या काळ्या रंगावर टोमणे आहेत. त्या काळच्या वर्गात काय चालायचं हे कळायला ते कागद हवेतच. पण छापायचं ते कुणाच्या नावाशी जोडून नाही. वाचून दाखवलेलं शेलापागोटंसुद्धा त्या माणसाने स्वतः 'हो' म्हटल्याशिवाय नावानिशी घेतलेलं नाही. हयात नसेल तर घरच्यांनाही विचारलं नाही, सरळ नाव गाळलं. मंडळातल्या काहींना हे फार वाटलं, कारण गमतीचा मजकूर निम्म्यावर आला. आता छापील पान बघून ते गप्प आहेत.

स्मरणिकेच्या दोन प्रती आणि सगळ्या स्कॅनची डिस्क या पत्रासोबत पाठवतो आहोत. मूळ कागद ज्या क्रमाने तुम्ही दिलेत त्याच क्रमाने पुन्हा बांधून, सुती फडक्यात, ग्रंथालयाच्या लोखंडी कपाटात ठेवले आहेत. दोरे सैल बांधलेत, पानांच्या कडा कापणार नाहीत. १९७६ पासूनच्या गठ्ठ्यांना दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, हात घालू. तोवर कपाटाची किल्ली तुमच्याकडेच असू द्या.

आपले,
स्मरणिका मंडळ