पळणं थांबलं, पहाट सोडलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला धावणाऱ्यांच्या दुखापतींवरचा लेख वाचला. बर्फ, विश्रांती, बूट कसे निवडावेत, सगळं बरोबर आहे. फक्त गजर न लावताही पहाटे साडेचारला जाग येते, तिचं काय करायचं, तेवढं त्यात नव्हतं.

मी साताऱ्यात खानावळ चालवते. वय चोपन्न. सकाळी सातनंतर पोळ्या, डबे, भाजीवाल्याचा हिशोब आणि 'मावशी, आज आमटी पातळ झालीय' ही तक्रार. त्याआधी मी यवतेश्वरचा घाट पळायचे. सध्या उजव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर आहे, स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ते. पाळी गेल्यावर बायकांच्या हाडांची घनता कमी होत जाते, म्हणून आमच्या वयात हाडांना जास्त जपावं लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दुखतेय नडगी, पण भेटेल तो 'गुडघे गेले ना?' असंच विचारतो. गुडघे ठणठणीत आहेत, हेही यानिमित्तानं जाहीर करते.

पळणं बंद झालं म्हटल्यावर माझ्या त्या वेळेच्या घरात लगेच वाटण्या झाल्या. मुलगा म्हणाला, सकाळचे नाश्त्याचे डबे सुरू करू. सूनबाईंना नळाचं पाणी भरायला माणूस हवं होतं. मी दोघांनाही नाही म्हटलं आणि तेव्हा लक्षात आलं, पळण्याचे माझ्यावर नेमके काय उपकार आहेत. वजन-साखर असेलच, पण सातबाऱ्यावर नाव चढावं तसा दिवसातला एक तास त्यानं माझ्या नावावर करून दिला. पाय दुखतो म्हणून तो परत करायचा?

म्हणून त्याच वेळेला बाहेर पडते. दुखत नाही तोवर चालायला परवानगी आहे. छत्रपती शाहू क्रीडा संकुलापर्यंत हळू जाते आणि पायऱ्यांवर बसून भरतीच्या पोरींची वेळ लावते. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे. त्यातल्या दोघी माझ्याच खानावळीत जेवतात, पण मी पळत होते तेव्हा त्यांना धड ओळखही दिली नव्हती. आपल्याच घड्याळाकडे बघत पुढं जायचे. आता कोण पहिल्याच फेरीत दम घालवते, कोण शेवटच्या दोनशे मीटरसाठी राखून ठेवते, सगळं पाठ झालंय. एक माण तालुक्यातली आहे. ललिता बाबर आपल्या मोहीची, हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते. ऐकवू दे. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पोचणं म्हणजे खेळ नाही.

कृतज्ञ राहा म्हणणं सोपं असतं, हेही लिहिते. पाऊस उघडल्यावर घाटातून पळत उतरणारं टोळकं दिसलं की माझ्या पोटात तुटतं आणि त्या दिवशी पोळ्या जाड होतात. बीडचा धावपटू अविनाश साबळे, त्याचं वाचलं होतं, २०२५च्या जुलैत मोनॅकोला शर्यतीत पडला, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. माझं तर काहीच हुकलेलं नाही. पुढची सातारा हिल मॅरेथॉन पाय बरा नसेल तर पाण्याच्या टेबलामागे उभी राहून करीन. पेले भरण्यात माझा हात कोण धरणार!

आता मूळ मुद्दा. या पोरी नडगी दुखली की बाम चोळतात आणि परत पळतात, कारण भरतीची तारीख यांच्या पायासाठी थांबत नाही. परवा एकीला विचारलं, कुठं दुखतं? तिनं हाडावर एकाच जागी बोट ठेवलं. दुखणं नडगीच्या कडेनं लांबवर पसरलेलं असेल तर एक वेळ थोडा भार कमी करून निभावतं. बोटानं दाखवता येईल असं एकाच ठिकाणी असेल तर चिरेची शंका घ्यायची, हे मी स्वतःच्या पायावरून शिकले. तिला डॉक्टरांकडे धाडलं. एक्स-रेमध्ये काही आलं नाही, म्हणून ती दुसऱ्या दिवशी पळायला हजर! माझ्याही पहिल्या एक्स-रेमध्ये काही नव्हतं, एमआरआयमध्ये सापडलं. तिला दटावून बसवलीय. सध्या माझ्या शेजारी बसून बाकीच्यांच्या वेळा वहीत लिहिते आणि मला फेऱ्या मोजता येत नाहीत म्हणून माझ्यावर डाफरते.

आपला लेख महागडे बूट घेणाऱ्यांसाठी होता. पुढचा या पोरापोरींसाठी लिहवून घ्या. भरती तोंडावर असताना नडगी दुखली तर काय करावं, सरकारी दवाखान्यात काय विचारावं, कोणता व्यायाम चालेल. आणि एक्स-रे साफ आला म्हणजे हाड साफ असं नसतं, हे वाक्य ठळक चौकटीत छापा.

आपली,
एक खानावळवाली, सातारा